पडलेल्या माईकला हाक

त्या दिवशी निकासिया रेडिओवर जरा लवकर आली, त्याला तसं काही कारण नव्हतं. पाऊस थोडा थांबला होता, बेकरीतून पाव घ्यायचा होता, आणि घरी एकटीने बसून तरी काय करायचं, म्हणून ती आली. पावसाळ्यात सान्ता रुफिना गावचं धुकं दुपारीच डोंगरावरून उतरतं आणि चौकातल्या बाकड्यांवर म्हाताऱ्यांसारखं बसून राहतं. त्यातून वाट काढत तिने कुलूप उघडलं, शाल सारखी केली आणि टेबल पुसायला घेतलं.

रेडिओ म्हणजे चर्चच्या कुशीतली एक खोली. खाली दगडी फरशी, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, चौकाच्या बाजूला एक खिडकी आणि खिडकीखाली एक फट. त्या फटीतून लोक निरोपाच्या चिठ्ठ्या आत टाकत. खाली खोऱ्यात फोन लागत नाही. डोंगर आडवे येतात. रेडिओ मात्र पोचतो. त्यामुळे कुणाला खेचर घेऊन फाट्यावर बोलवायचं असो, कुणाला बाळ झाल्याचं कळवायचं असो, की कुणी गेल्याचं सांगायचं असो, संध्याकाळी निकासिया ते माईकसमोर वाचायची आणि खोऱ्यातली घरं हातातलं काम थांबवून ऐकायची.

माईक एकच होता. जुना, जड, लोखंडी. इलारियोबाबा जन्मभर त्याच्यासमोर बसले. निकासियाला वाचायला, श्वास कुठे घ्यायचा ते, आणि नाव दोनदा का उच्चारायचं ते, सगळं त्यांनीच शिकवलं. बोलताना त्यांचा श्वास माईकवर आपटायचा, म्हणून त्यांच्या बायकोने त्यांचीच कानटोपी उसवून त्या लाल लोकरीची एक छोटी टोपी माईकसाठी विणली होती. बाबा गेले त्याला आता काही पावसाळे झाले. त्यांच्या जाण्याची बातमीही निकासियाने याच माईकवर वाचली. तेव्हापासून गाव माईकलाच इलारियो म्हणायला लागलं. कुणी विचारायचं, इलारियोला झाकलंस का? कुणी म्हणायचं, आज इलारियोला सर्दी झालीय वाटतं. आधी थट्टेने म्हणायचे, मग सवयीने. निकासियाही म्हणायची.

टेबल पुसून होतंय तोवर रस्त्याच्या कामावरचा मुकादम दारात येऊन उभा राहिला. नखशिखांत भिजलेला. त्याने सांगितलं की खालच्या पुलाचा मधला खांब नदीने नेला. वरून पूल धड दिसतो, पण गाडी चढली की जाणार. आज नदीकाठी बाजार होता. अंधार पडायच्या सुमाराला ट्रक माणसांनी भरून परत निघतात, आणि निम्मे त्याच पुलावरून येतात, बाकीचे वरच्या रस्त्याने. पायी बाजारापर्यंत जाऊन सांगायला आता वेळ उरला नव्हता. ट्रकमधे मात्र रेडिओ चालू असतो. तूच काय ते सांग, एवढं बोलून तो पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी दोर बांधायला धावला.

निकासिया ताडकन उठली. शालीच्या गोंड्यात माईकची वायर अडकली होती, ते तिला दिसलं नाही. माईक टेबलाच्या कडेवरून गेला आणि दगडावर पडला.

खणखणाट झाला नाही. ठप्प, असा एक बसका आवाज झाला.

तिने तो उचलला. टोपी काढून पाहिलं. जाळीला एका बाजूने पोचा आला होता. कानाशी धरून हलवला, तर वाळक्या दुधीत बी खुळखुळावं तसं आत काहीतरी अगदी हलकं गडगडलं. पूर्वी ते होतं की नव्हतं? पूर्वी कधी कानाशी धरून हलवलाच नव्हता. हे कसं कळायचं? बटण दाबून ती बोलली, तर यंत्रावरची सुई हलली. म्हणजे काहीतरी जातंय. पण काय जातंय ते सुई सांगत नाही.

तिने खिडकी उघडून समोरच्या बेकरीला हाक मारली. हुस्तामावशी कोपरापर्यंत पीठ माखलेले हात घेऊन दारात आली. तिचा रेडिओ दिवसभर चालू असे, भट्टीच्या वर. निकासियाने बोलून दाखवलं, मावशीने मान वाकडी करून ऐकलं.

"आवाज येतोय गं," ती म्हणाली. "पण तू येत नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसं. तू आहेस की माझी म्हैस ओरडतेय, कळत नाही."

मावशीकडे म्हैस नव्हती. पण निकासियाला हसू आलं नाही. शब्दच कळले नाहीत तर पूल आहे की गेला ते कुणाला कळणार? पाद्रीबाबांचा माईक दुरुस्तीला शहरात गेला होता, आणि शहर एका दिवसाच्या अंतरावर. शाळेच्या कर्ण्याच्या माईकची वायर या यंत्राला बसत नव्हती. तिने पोचा अंगठ्याने दाबून पाहिला, वायर काढून परत बसवली, फुंकर मारली, एकदा टेबलावर हलकेच आपटूनसुद्धा पाहिला आणि लगेच त्याच्यावरून हात फिरवला. घागर ती घागरच.

हुस्तामावशी चौक ओलांडून आत आली. तिने माईककडे पाहिलं नाही. तिने विचारलं, कुठे पडला? निकासियाने फरशी दाखवली.

"मग तो इथेच राहिलाय," मावशी म्हणाली.

तिला काय म्हणायचंय ते निकासियाला कळलं. इथे कुणालाही कळेल. पोर पडतं, दचकतं, आणि उठून घरी येतं. पण त्याचा आहायू, त्याच्या आतलं जे जागं असतं ते, पडल्या जागी बसून राहतं. मग पोराला अन्न लागत नाही, डोळे अर्धे उघडे ठेवून ते झोपतं, बोललं तर दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटतं. अशा वेळी दिवस कलताना त्याचं अंगावरचं कापड घेऊन त्या जागी जायचं आणि नावाने हाक मारून त्याला घरी आणायचं. निकासियाला स्वतःला लहानपणी असं ओढ्यावरून आणलं होतं.

"मावशी, हा माईक आहे."

"पडला ना? दचकला ना? आणि तुला दुसरं काही सुचतंय का? मग गप बस आणि त्याची टोपी दे."

दिवस कलतच आला होता. मावशीने गरम पाव निघाला की वाजवायची ती छोटी घंटा आणली, आणि नैवेद्याला थोडी कोकाची पानं आणि एक साखरेचा खडा. दोघी फरशीवर टेकल्या. दगड थंड होता. ओल्या लोकरीचा, पिठाचा आणि बाहेरच्या मातीचा वास खोलीत एकत्र दाटला होता. निकासियाने टोपी दोन्ही हातांत धरली. मावशीने घंटा उचलली आणि थांबली.

"नाव काय घ्यायचं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खरं तर तिथे थोडं थांबायला हवं होतं. पण खाली ट्रक भरत होते.

"इलारियो," निकासिया म्हणाली. "सगळं गाव तेच म्हणतं."

ती टोपी कुणाच्या लोकरीची, ते त्या घाईत एकीच्याही मनात आलं नाही.

"ये इलारियो," तिने हाक मारली. घंटा वाजली. "चल घरी. इथे थांबू नकोस. दगड गार आहे. ये, चल."

खिडकीखालच्या फटीतून धुक्याची एक पट्टी आत आली आणि फरशीवर पसरली. तिने पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. शेवटच्या हाकेला हातातली टोपी किंचित जड झाल्यासारखी वाटली. फार नाही. झोपी जाणारं मूल खांद्यावर जसं जड होतं, तेवढीच.

तिने ती माईकवर चढवली. मावशी पळत बेकरीत गेली. निकासिया बोलली. मावशीने दारातूनच दोन्ही हात वर केले, पिठाची धूळ उडाली. आवाज आला होता. स्वच्छ, गोल, आधीपेक्षाही चांगला.

मग निकासियाने सांगितलं. पूल गेलाय, खालच्या रस्त्याने येऊ नका, वरच्या रस्त्याने या. तेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, घसा बसेपर्यंत. चौकात जमलेल्यांनीही बेकरीच्या रेडिओवर ते शब्द न् शब्द ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवेरो पायी चालत आला. सेवेरो ट्रक चालवायचा. गुडघ्यापर्यंत चिखल, पण चेहरा हसरा. सगळे सुखरूप आहेत, त्याने सांगितलं. रात्री सगळे नदीकाठच्या शाळेत झोपले. बायकांनी पिवळ्या मक्याची लापशी केली, कुणीतरी गिटार काढली, बरीच मजा आली.

"शाळेत कशाला?" निकासियाने विचारलं. "वरच्या रस्त्याने या, म्हणाले होते ना मी?"

सेवेरोचं हसू थांबलं. वरचा रस्ता तर खचला, तो म्हणाला. अंधार पडता पडता अख्खी दरड खाली आली. निघालो असतो तर नेमके तिच्याखाली सापडलो असतो. "आणि तू कुठे काही म्हणालीस? म्हातारा म्हणाला."

"कोण म्हातारा?"

"आता ते मी तुला सांगू? नावं दोनदा घेत होता. मधेच घसा खाकरत होता. म्हणाला, पूल गेलाय, आणि वरचा रस्ताही आज कुणी धरू नका, शाळेत थांबा, गुरुजींकडे किल्ली आहे. आम्हाला वाटलं तू जुनी टेप लावलीस." त्याने पायावरचा चिखल खरवडला. "पण जुन्या टेपेत या पुलाचं कसं असेल... हे मला रात्री झोपताना सुचलं."

हुस्तामावशी शपथेवर सांगायला लागली की तिने निकासियालाच ऐकलं, वरच्या रस्त्याने या, हेच ऐकलं. चौकातल्या सगळ्यांनी तेच ऐकलं होतं. म्हणजे चौकात एक आणि खोऱ्यात दुसरंच. सेवेरो म्हणाला की ओढ्याच्या वळणापाशी डोंगर आडवा येतो, तिथून खाली तो म्हातारा लागतो.

निकासियाला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही, असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. ज्या माणसाने तिला बोलायला शिकवलं तो खाली बोलतोय, आणि तिने मात्र ते ऐकलेलं नाही. शिवाय दुसराही प्रश्न होता. काल त्या आवाजाने माणसं वाचवली. उद्या तो काय सांगेल? तिच्या तोंडून निघालेला निरोप खोऱ्यात तसाच पोचतो, एवढ्या एका गोष्टीवर लोक नदी ओलांडत होते. तो माईक बिघडला आहे की नाही, हे तिला आता कळायलाच हवं होतं.

तिने मावशीला सांगितलं की आज निरोप तू वाच. मावशीने आढेवेढे घेतले, मला अक्षरं चिकटलेली दिसतात म्हणाली, मग तयार झाली. निकासियाने सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. त्यांत एक खोटी घातली. वरचा रस्ता मोकळा झाला आहे, खुशाल या. पाहू या, तो काय करतो. खोऱ्यातली माणसं फसू नयेत म्हणून तिने सेवेरोला आधीच खाली पाठवून सगळ्यांना सावध केलं. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की यंत्र बंद करायचं, असं मावशीला बजावलं आणि छोटा रेडिओ शालीत गुंडाळून ती निघाली.

वळणापाशी धुकं इतकं दाट होतं की ओढा नुसता ऐकू येत होता. सेवेरो तिथे एका दगडावर बसून तिची वाट पाहत होता. वळणाच्या अलीकडे रेडिओत हुस्तामावशी अडखळत होती, "खे... खेचर..." आणि मधेच स्वतःशीच पुटपुटत होती. निकासिया हसली. चार पावलं पुढे गेली.

मावशी विरली. एक खरखर आली. मग कुणीतरी घसा खाकरला.

"ऐका मंडळी. आनास्तासिया, आनास्तासिया. तुझा भाऊ गुरुवारी फाट्यावर येतोय. खेचर घेऊन जा, आणि खेचराला आधी चारा घाल."

चाऱ्याचं चिठ्ठीत नव्हतं. ते बाबांचं होतं. प्रत्येक निरोपात ते असं थोडं स्वतःच्या पदरचं घालायचे. निकासिया ओल्या गवतात बसली आणि रेडिओ तिने मांडीवर घेतला. तिचे डोळे भरून आले होते आणि तरीही ती कान देऊन ऐकत होती. आवाज थकलेला नव्हता. दूरचाही नव्हता. चूल पेटवून तिच्यापाशी बसलेल्या माणसाचा असतो तसा होता.

एकामागून एक चिठ्ठ्या झाल्या. मग कागद सरकल्याचा आवाज आला.

"निकासिया," बाबा म्हणाले. "हे खोटं आहे. हे मी वाचत नाही. परीक्षा घ्यायची असली तर माझी घे, पोरी. ऐकणाऱ्यांची घेऊ नये."

सेवेरोने टोपी काढून हातात घेतली. निकासियाने मान खाली घातली. लहानपणी ओरडा बसला की घालायची तशीच. मनातून मात्र तिला फार बरं वाटलं. बाबा खोटं वाचत नव्हते. निरोप त्यांच्या हाती सुरक्षित होते.

वर चर्चची घंटा झाली. धुक्यातून बसका टोल आला. आता मावशी यंत्र बंद करणार. रेडिओत खट् झालं. निकासिया वाट पाहत राहिली.

"आणि एक निरोप राहिलाय," बाबा म्हणाले.

सेवेरो उठून उभा राहिला.

"निकासिया तारकी. निकासिया तारकी. पाठवणाऱ्याचं नाव नाही." पुन्हा घसा खाकरला. "बिननावाचा निरोप मी कधी वाचला नाही, तुला माहीत आहे. पण हा फार लहान आहे आणि माझा पाय सोडत नाही. म्हणतो... मी अजून दगडावरच पडलोय. म्हणतो, तिने हाक मारली ती मला नव्हती, दुसऱ्यालाच घेऊन गेली. मी विचारलं, बाळा, तुझं नाव काय? तर म्हणतो, मला कुणी ठेवलंच नाही..."

नंतर फक्त ओढा होता.

ती वर आली तेव्हा मावशी दाराबाहेर उभी होती. घंटेबरोबर यंत्र बंद केलं, तिने सांगितलं. ती खोटी चिठ्ठीही तिने वाचली होती, अडखळत का होईना, पूर्ण. निकासियाने तिला खालचं काही सांगितलं नाही. फक्त पावाची घंटा मागून घेतली आणि एकटीच आत गेली.

माईक टेबलावर होता, लाल टोपी घालून. ती त्याच्याकडे गेली नाही. फरशीवर जिथे तो पडला होता तिथे टेकली आणि दगडावर तळहात ठेवला. दगड गार होता. एका जागी, वाटीएवढ्या, थोडा अधिक गार होता.

याला न्यायला हवं, एवढं तिला कळत होतं. पण हाक काय मारायची? तिने मनातल्या मनात नावं काढून पाहिली. मार्सेलो, तर तो बेकरीसमोर राहायचा. बेनितो, तो गेल्या पावसात नदीत गेला. तोमासा, रुफो, एलादिओ. जे नाव ओठांवर येई ते कुणाचं तरी होतं. वरच्या गावात जिवंत असलेल्या कुणाचं, नाहीतर तिने स्वतः ज्यांची बातमी वाचली त्यांतल्या कुणाचं. एकदा तिने चुकीचं नाव घेतलं होतं. त्याचं काय होतं ते तिने आज ऐकलं होतं.

शेवटी तिने घंटा हलवली आणि नाव न घेताच म्हणाली, "ये. चल घरी. इथे थांबू नकोस."

शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ही हाक कुणालाही लागू पडते.

बाहेर चौक रिकामा होता. दारापाशी कुणीतरी पाय झटकले, आत येण्याआधी चिखल काढतात तसे, सावकाश. मग दुसऱ्या कुणीतरी. मग त्यांच्या मागून आणखी पुष्कळांनी, एकामागून एक, कुणाच्या घरी पहिल्यांदाच आल्यासारखे सगळे अदबीने थांबून.

निकासिया दाराकडे वळली नाही. दगडावर हात तसाच ठेवून ती त्यांतला सर्वांत लहान पाय कुठला, तेवढं ऐकायचा प्रयत्न करत राहिली.